उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनीं उकिरड्याचेही पांग फिटतात, असें आपल्याकडे म्हणतात. म्हणींतला उकिरडा हा दैन्याचा नमुना आहे. परंतु ज्याच्या परसांत तो असे, त्या शेतकऱ्याला तो दीनवाणा कधींच वाटला नाहीं. घरांतलें खरकटें, गोठ्यांतलें शेण, चुलींतली राख आणि अंगणांतला केर हें सारें एका खड्ड्यांत पडे, आणि उन्हाळा सरतां सरतां तोच खड्डा उपसून खताच्या गाड्या शेताकडे जात. उकिरड्याचे पांग तेथें दरवर्षीं फिटत. बारा वर्षें थांबण्याची पाळी आली ती शहरांत. शहरांत घर आणि शेत ह्यांची ताटातूट झाली; खरकट्याला जाण्यासारखें ठिकाण उरलें नाहीं, आणि जें धन होतें त्याची घाण झाली.

ह्या घाणीचें माप आतां जगभर घेतलें जातें. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-कार्यक्रमानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत जगांतील घरें, उपाहारगृहें व दुकानें ह्यांतून सुमारें १०५ कोटि टन अन्न वायां गेलें. सालें, देंठ, हाडें ह्यांसारखे न खाण्याजोगे भागही ह्या आंकड्यांत धरलेले आहेत. त्यांतील साठ टक्के वांटा एकट्या घरांचा होता. म्हणजे हा प्रश्न केवळ मोठ्या हॉटेलांचा किंवा लग्नाच्या पंक्तींचा नाहीं. दोन माणसांच्या बिऱ्हाडांत मोरीपाशीं ठेवलेल्या डब्याचाही तो आहे.

डबा रिकामा झाला म्हणजे प्रश्न सुटत नाहीं, त्याची फक्त जागा बदलते. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनार येथें पडूं लागला आणि पाहतां पाहतां तेथें त्याचे डोंगर उभे राहिले. २०१६ च्या जानेवारींत त्या डोंगरांना आग लागली, तेव्हां धूर दूरवरच्या वस्त्यांवर पसरला. अशी आग कोणत्याही निमित्तानें लागो. ती धुमसत ठेवणारें जळण ढिगाच्या पोटांत आधींच तयार असतें. ओलें अन्न ढिगाखालीं दडपलें गेलें कीं त्याला हवा मिळत नाहीं, आणि हवेवांचून तें कुजूं लागलें कीं त्यांतून मिथेन नांवाचा जळाऊ वायु निघतो. तो पेटला तर आग. न पेटतां आकाशांत गेला तर दुसरें संकट. कारण शंभर वर्षांचा हिशोब धरला तर, वजनास वजन, मिथेन हा पृथ्वीचें वातावरण तापविण्यांत कार्बन डाय-ऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक प्रभावी ठरतो.

हा वायु कांहीं नवा नव्हे. इटलींतील आलेसांद्रो व्होल्टा ह्या शास्त्रज्ञानें १७७६ सालीं माग्गिओरे सरोवराच्या कांठचा चिखल काठीनें ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलींत धरले, आणि ते पेटतात असें दाखविलें. गाईच्या पोटांत, भाताच्या खाचरांत, गांवाबाहेरच्या डबक्यांत हाच वायु रात्रंदिवस तयार होत असतो. तेव्हां खरकट्यापासून इंधन करणें म्हणजे निसर्गाला नवीन कांहीं शिकविणें नव्हे. जें चिखलांत मोकाट चालतें तें बंद टांकींत चालवावयाचें, निघालेला वायु चुलीपर्यंत न्यावयाचा आणि मागें राहिलेला काला शेतांत घालावयाचा, इतकेंच.

टांकींत जें घडतें त्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर कांहीं जंतु भात, पोळी, डाळ, भाजी ह्यांतील मोठमोठ्या रेणूंचे तुकडे करतात. पिठूळ भागाची साखर होते, प्रथिनांचीं अमिनो आम्लें होतात, तेलातुपाचीं स्निग्धाम्लें होतात. दुसऱ्या पायरीवर ह्या तुकड्यांपासून निरनिराळीं आम्लें बनतात. आंबलेल्या पिठाचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला ही पायरी सहज ओळखतां येईल. तिसऱ्या पायरीवर त्या आम्लांपासून मुख्यतः शिरक्यांत असतें तें आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. चौथ्या पायरीवर सूक्ष्म जीवांचें एक अगदीं निराळें आणि फार प्राचीन कूळ पुढें येतें. प्राणवायु ह्या कुळाला विषासारखा. अंधारांत, उबेंत आणि हवेवांचून तें मागच्यांनीं तयार केलेल्या पदार्थांपासून मिथेन करतें. अशा रीतीनें जो मिश्र वायु मिळतो त्यालाच बायोगॅस म्हणतात. त्यांत निम्म्याहून कांहींसा अधिक मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड, थोडी वाफ, आणि कुजक्या अंड्याचा वास देणारा किंचित् हायड्रोजन सल्फाइड.

ह्या चार पायऱ्यांत एक अडचण दडलेली आहे, आणि ज्यांच्या टांक्या बंद पडतात त्यांच्या बहुधा ह्याच अडचणीमुळें पडतात. आम्लें बनविणारे जंतु चपळ असतात. मिथेन बनविणारे सावकाश. एखाद्या घरांत एक जण भराभर पोळ्या लाटीत असावा आणि दुसऱ्यापाशीं भाजण्यासाठीं एकच तवा असावा, तशी ही जोडी आहे. लाटणाऱ्यानें घाई केली तर लाटलेल्या पोळ्यांचा ढीग होतो व त्या एकमेकींस चिकटतात. टांकींत एकदम पुष्कळ अन्न ओतलें तर हेंच होतें. आम्लांचा ढीग साचतो, टांकी आंबट होते, आणि त्या आंबटपणानें मिथेनचे कारागीरच गारठून बसतात. वायु थांबतो, दुर्गंधि सुटते, आणि माणसें म्हणतात कीं हें यंत्रच निरुपयोगी आहे. वस्तुतः टांकीला अपचन झालेलें असतें. त्यावर उपायही अपचनाचाच : कांहीं दिवस लंघन, थोडें ताजें शेणपाणी, जरूर तर किंचित् चुना, आणि मग हळूहळू पूर्वीच्या आहारावर येणें.

ह्या विद्येच्या इतिहासांत महाराष्ट्राचें स्थान बरेंच जुनें आहे. इंग्लंडांतील एक्सेटर शहरांत १८९५ च्या सुमारास मैल्याच्या टांकींतील वायूवर रस्त्यांतील दिवे लावण्यांत आले, आणि त्यानंतर लवकरच, १८९७ सालीं, मुंबईंत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रयगृहांत तशीच योजना झाली. तेथील वायु पुढें एंजिन चालविण्यासाठींही वापरला गेला. समाजानें ज्यांना गांवाबाहेर ठेवलें त्यांच्याच वस्तींत, समाज ज्याला शिवत नाहीं त्या वस्तूपासून उजेड निघाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें जशभाई पटेल ह्यांनीं १९५१ सालीं तरंगत्या झांकणाच्या गोबर-गॅस टांकीची रचना पुढें आणली, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगानें ती खेडोपाडीं नेली. पुण्याजवळ देहू येथें डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर ह्यांनीं शौचकूप व गॅसची टांकी एकत्र जोडणारी ‘मलप्रभा’ ही पद्धति सिद्ध केली. त्यांच्या ह्या कामाला २०१७ सालीं मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली.

परंतु ह्या सर्व रचना शेणावर किंवा मैल्यावर चालणाऱ्या होत्या. शहरी घरांत गाय नाहीं, मग शेण कोठून आणावें? ह्या प्रश्नाकडे उलट बाजूनें पाहिलें तें डॉ. आनंद कर्वे ह्यांनीं. महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचे नातू व इरावतीबाई कर्वे ह्यांचे पुत्र असलेल्या ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें पुण्यास १९९६ मध्यें ग्रामीण तंत्रज्ञानासाठीं ‘आरती’ ही संस्था काढली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. गाय खाते त्यांतलें बहुतेक सत्त्व ती स्वतःच घेते; शेण हें तिच्या जेवणाचें उरलेंसुरलें. मिथेनच्या जंतूंना आपण हें उष्टें देतों आणि मग वायु कमी मिळाला म्हणून तक्रार करतों. त्यांना सरळ अन्नच वाढलें तर? २००३ च्या सुमारास त्यांनीं घराच्या गच्चीवर बसेल अशी टांकी तयार केली. पाणी सांठविण्याच्या बाजारी प्लास्टिकच्या दोन टांक्या घ्यावयाच्या. मोठींत काला, आणि तिच्यावर उपडी ठेवलेली लहान टांकी हें वायूचें झांकण. वायु जमला कीं झांकण वर येतें, वापरला कीं खालीं बसतें. किती शिल्लक आहे हें डोळ्यांनाच दिसतें. शेण लागतें तें फक्त आरंभीं, विरजणापुरतें. ह्या टांकीला २००६ सालीं इंग्लंडांतील ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

कर्व्यांच्या युक्तिवादाला रसायनशास्त्राचा पाठिंबा आहे. एक किलो कोरडें पीठ पुरतेपणीं पचलें तर सुमारें ८०० लिटर वायु निघावयास हवा, आणि त्यांतला निम्मा मिथेन असावयास हवा. ओल्या खरकट्यांत मात्र तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असतें, आणि उरलेलें सगळेंच पचत नाहीं. म्हणून व्यवहारांत असा अंदाज धरतात कीं दहा किलो ओल्या खरकट्यापासून एक घनमीटर बायोगॅस मिळावा. तितक्याच वायूसाठीं शेण सुमारें पंचवीस किलो लागतें. एक घनमीटर बायोगॅसची उष्णता सिलिंडरमधल्या पावणेपाव ते अर्धा नव्हे, तर जवळजवळ अर्ध्या किलो गॅसइतकी, नेमकें म्हणावयाचें तर ४५० ग्रॅमच्या आसपास भरते. चार-पांच माणसांच्या घरांत रोज एक-दीड किलो ओला कचरा निघत असेल तर त्यावर सकाळचा चहा व थोडेंसें दूधपाणी तापेल. सगळा स्वयंपाक होणार नाहीं. हें आधींच समजून घेतलें म्हणजे पुढें निराशा होत नाहीं. टांकीचा खरा उपयोग दिसतो तो जेथें एका स्वयंपाकघरांत पुष्कळ माणसें जेवतात तेथें : वसतिगृहांत, रुग्णालयांत, खाणावळींत, पर्यटक-निवासांत.

अशा मोठ्या प्रमाणासाठीं तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत डॉ. शरद काळे ह्यांनीं ‘निसर्गऋण’ नांवाची रचना केली. त्यांना २०१३ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांनीं लाटणारा आणि भाजणारा ह्यांना दोन वेगळ्या खोल्या दिल्या. पहिल्या टांकींत वाटलेला कचरा गरम पाण्यांत, हवा खेळती ठेवून, उष्णता मानवणाऱ्या जंतूंकडून थोड्या दिवसांत विरघळवून घ्यावयाचा. मग तो दुसऱ्या, हवाबंद टांकींत सोडावयाचा. त्यामुळें आंबटपणाचें संकट टळतें आणि भाजीपाल्याचे चिवट भागही लवकर पचतात. ह्या पद्धतीचा एक प्रकल्प माथेरानला उभा राहिला. माथेरानांत मोटारींना बंदी आहे, आणि २००३ सालीं तो डोंगर पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर झाला. तेथून कचरा खालीं नेणें अवघड आणि वर पडूं देणें अयोग्य. तेव्हां तो वरच जिरविणें हाच शहाणपणाचा मार्ग.

जी गोष्ट माथेरानच्या डोंगराची, तीच अधिक तीव्रतेनें चंद्रपूर जिल्ह्यांतील मोहर्लीची. इरई धरणाच्या जलाशयाला लागून, चंद्रपूरहून सुमारें तीस किलोमीटरांवर, भद्रावती तालुक्यांत हें गांव आहे. ताडोबा हें १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, अंधारीचें अभयारण्य १९८६ सालीं झालें, आणि १९९५ मध्यें दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. सुमारें ६२५ चौरस किलोमीटरांचा गाभा आणि त्याभोंवतीं ११०० चौरस किलोमीटरांचें बफर-क्षेत्र असा त्याचा विस्तार. मोहर्ली हें ह्या वनाचें सर्वांत गजबजलेल्या दारांपैकीं एक. नागपूर, पुणें, मुंबई येथून माणसें वाघ पाहण्यासाठीं येतात, गांवांत व आसपासच्या निवासांत उतरतात, पहांटे जीपगाडींतून जंगलांत जातात आणि परतून न्याहारी करतात. पाहुण्यांच्या मेजावर दहा पदार्थ मांडावे लागतात. आणि दहा पदार्थ मांडले कीं त्यांतले चार उरतात.

शहरांत हें उरलेलें अन्न दुर्गंधि करील, डांस-माश्या वाढवील. वाघाच्या दारांतल्या गांवांत तें याहून निराळें संकट आणतें. निवासामागें उघड्यावर खरकटें पडलें तर प्रथम माकडें व भटकीं कुत्रीं येतात. अंधार पडला कीं रानडुकरें येतात. गोड व आंबूस वासाला अस्वलही भुलतें. कुत्रें हें बिबट्याचें आवडतें भक्ष्य आणि रानडुक्कर हें वाघाचें. अशा रीतीनें एका ताटांतल्या उरलेल्या भातापासून निघालेली सांखळी वाघ-बिबट्याला घरांच्या भिंतीपर्यंत आणूं शकते. शिवाय जें जनावर एकदां माणसाच्या अन्नाला चटावलें तें माणसाचें भय विसरतें. आणि वन्य जनावरानें भय विसरणें हें त्याच्याही जिवावर बेततें, माणसाच्याही. खरकट्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या गिळून गुरें मरतात, ती गोष्ट वेगळीच.

दुसरें संकट चुलीचें. ताडोबाच्या परिसरांत २००५ ते २०११ ह्या सात वर्षांत वाघ-बिबट्यांचे माणसांवर शंभराहून अधिक हल्ले झाले, आणि त्यांतील सुमारें निम्मे प्राणघातक ठरले. बळी पडलेलीं बहुसंख्य माणसें आसपासच्या गांवचीं होतीं. मोहफुलें, तेंदूपानें, सरपण असें कांहींना कांहीं गोळा करण्यासाठीं तीं रानांत गेलेलीं. ओणवें होऊन मोळी बांधणारी बाई वाघाला दुरून माणसासारखी दिसत नाहीं, असें जाणते लोक सांगतात. म्हणून मोहर्लीसारख्या गांवांत चुलींत काय जळतें हा प्रश्न केवळ धुराचा किंवा झाडांचा नाहीं. तो संध्याकाळीं घरचें माणूस परत येईल कीं नाहीं, हा आहे. सरकारनेंही हें ओळखलें. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेंतून २०१५ पासून व्याघ्रप्रकल्पांलगतच्या गांवांना सवलतीनें गॅस देण्यास आरंभ झाला, आणि २०१६ पासून केंद्राच्या उज्ज्वला योजनेनें गरीब घरांत सिलिंडर पोंचविले. परंतु सिलिंडर घरांत येणें निराळें आणि तो दर महिन्याला भरून आणणें निराळें. हातांत पैसा नसला कीं रिकामा सिलिंडर कोपऱ्यांत उभा राहतो आणि पावलें पुन्हां रानाकडे वळतात.

आतां ह्या दोन्ही संकटांना खरकट्याची टांकी कितपत उपयोगी पडेल तें हिशोबानें पाहावें. एखाद्या पर्यटक-निवासाच्या स्वयंपाकघरांतून हंगामांत रोज पन्नास किलो ओला कचरा निघत असेल तर त्यापासून पांच घनमीटर वायु, म्हणजे सव्वादोन किलो सिलिंडरच्या गॅसची बचत होईल. व्यापारी सिलिंडर एकोणीस किलोचा असतो. दर आठ-नऊ दिवसांनीं असा एक सिलिंडर वांचेल. पैशाचा हा लाभ मध्यम आहे. मोठा लाभ हा कीं रात्रीं निवासामागें डुकरांना हुंगण्यासारखें कांहींच उरत नाहीं. ह्या टांकीचें मोल नुसत्या गॅसच्या मापानें करूं नये. ती इंधनाची भट्टी आहे त्याहून अधिक ती एक बंद केलेलें दार आहे.

हवामान ह्या कामाला बरेंच अनुकूल आहे. मिथेनच्या जंतूंना पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते, आणि चंद्रपूरचा उन्हाळा तर देशांतील अति कडक उन्हाळ्यांपैकीं एक. थंडीच्या रात्रीं मात्र पारा बराच उतरतो. त्या दिवसांत टांकी जमिनींत पुरलेली किंवा भाताच्या पेंढ्यानें वेढलेली असावी, आणि कचरा कोमट पाण्यांत कालवून घालावा. दुसरी अडचण हंगामाची. पावसाळ्यांत व्याघ्रप्रकल्पाचा गाभा पर्यटनाला बंद असतो; पाहुणे कमी, म्हणून खरकटेंही कमी. परंतु हे जंतु उपास काढण्यांत पटाईत असतात. गांवांत गुरें आहेत. दोन-तीन महिने थोडथोडें शेण घालून टांकी जागती ठेवतां येते. पाहुणे परतले कीं पहिल्याच दिवशीं पूर्ण घास न देतां पंधरवड्यांत आहार वाढवीत न्यावा.

टांकीला काय चालतें आणि काय नाहीं हें स्वयंपाक करणाऱ्यास आधीं माहीत असलें पाहिजे. भात, पोळी, वरण, शिळी भाजी, फळांच्या साली, गाळलेली चहापूड, पिठाचें धुवण हें सर्व चालतें. जितकें बारीक वाटून व जितक्यास तितकें पाणी घालून द्यावें तितकें बरें. नारळाची करवंटी व शेंडी, आंब्याची कोय, मोठीं हाडें, अंड्याचीं टरफलें हीं पचत नाहींत, तळाशीं बसतात. लिंबू-संत्र्याच्या सालींचा मारा केला तर त्यांतील तेल जंतूंना बाधतें. नागपुरी संत्र्यांच्या मुलखांत हें विशेष लक्षांत ठेवावें. तळणीचें उरलेलें तेल ओतलें तर वर साय धरते व वायूची वाट अडते. साबण, फिनेल आणि औषधें हीं तर टांकीला विषच. आणि प्लास्टिकची एक पिशवीही आंत जातां कामा नये. म्हणून ओला व सुका कचरा वेगळा करणें हें ह्या विद्येचें पहिलें अक्षर आहे. २०१६ च्या कचरा-व्यवस्थापन नियमांनीं ओला, सुका व घातक असा तीन भागांत कचरा वेगळा देणें घरांवर बंधनकारक केलें, त्याचें मर्म हेंच.

धोकेही सांगितले पाहिजेत. हवेंत मिथेनचें प्रमाण पांच ते पंधरा टक्के झालें तर ठिणगीनें स्फोट होतो. यास्तव टांकीपाशीं विडी-काडी वर्ज्य, आणि नळीची गळती तपासावयाची ती साबणाच्या फेंसानें, काडी ओढून कधींही नव्हे. आरंभींचा वायु बहुधा पेटत नाहीं, कारण त्यांत आंतली हवा व कार्बन डाय-ऑक्साइडच अधिक असतो. तो मोकळा सोडून द्यावा. हायड्रोजन सल्फाइड भांडीं काळीं करतो आणि अधिक प्रमाणांत प्राण घेतो. वायु लोखंडाच्या किसांतून नेला तर तो पुष्कळसा अडतो. टांकींत माणसानें उतरूं नये, हा नियम तर भिंतीवर लिहून ठेवावा. अशा बंद टांक्यांत एकामागोमाग एक उतरून माणसें गुदमरल्याच्या दुर्घटना आपल्या देशांत वारंवार घडल्या आहेत.

वायु निघून गेल्यावर टांकीबाहेर जो पातळ काला येतो, त्याला स्लरी म्हणतात. तिच्यांत खरा धान्याचा वांटा आहे. वायूंत गेला तो मुख्यतः कार्बन व हायड्रोजन. नत्र, स्फुरद व पालाश हीं पिकाचीं तिन्ही अन्नें जवळजवळ जशींच्या तशीं मागें राहतात. गोवरी जाळली तर नत्र धुराबरोबर जातो. टांकींत मात्र आग मिळते आणि खतही उरतें. दुप्पट-तिप्पट पाणी घालून ही स्लरी भाजीपाल्याला, फळझाडांना व धानाच्या बांधीला देतां येते. ज्यांना टांकी परवडत नाहीं त्यांच्यासाठीं कंपोस्ट आहेच. इंदूरच्या संशोधन-संस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड ह्या दोघांनीं ह्या जुन्या उकिरड्याला शास्त्राची शिस्त लावली आणि १९३१ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. सुकीं पानें व काडीकचरा, त्यावर ओला कचरा, थोडें शेण-माती, पुन्हां सुकें, असे थर, वेळोवेळीं उलथापालथ, आणि सुमारें तीन महिन्यांत तयार खत. कार्बन व नत्र ह्यांचें प्रमाण तीसास एक असलें कीं ढीग नीट तापतो व दुर्गंधि येत नाहीं. मोहर्लीसारख्या ठिकाणीं मात्र हा ढीग जाळीच्या पक्क्या झांकणाखालींच हवा. नाहींतर खताऐवजीं तें अस्वलाचें ताट होईल.

राहिला प्रश्न गांवच्या चुलीचा, आणि तेथें अतिशयोक्ति करणें हा अन्याय ठरेल. निवासाच्या टांकींतला वायु निवासाच्याच शेगडींत जळेल. त्यानें गांवांतल्या बाईची मोळी आपोआप हलकी होणार नाहीं. वायूचा दाब थोडा असतो. तो नळीनें फार दूर नेतां येत नाहीं. गांवच्या घरासाठीं टांकी हवी ती दाराशींच. ज्या घरीं चार-पांच गुरें आहेत तेथें रोजच्या पन्नासएक किलो शेणावर दोन घनमीटर वायु मिळून कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक भागूं शकतो, आणि त्यांत घरचें खरकटें घातलें तर वायु वाढतो. ज्या घरीं गुरें नाहींत, आणि अशींच घरें सर्वांत अधिक रानावर अवलंबून असतात, त्यांच्यासाठीं चार-सहा घरांनीं मिळून किंवा निवासाच्या खरकट्यावर गांवाची एखादी सामायिक चूल उभारणें हाच मार्ग दिसतो. आश्रमशाळा, अंगणवाडी, देवळांतील भंडारा अशा ठिकाणीं सामायिक चूल गांवाला नवी नाहीं. मात्र टांकी बांधून फोटो काढणें सोपें आणि तिला रोज घास भरविणें कठीण. देशांत बांधलेल्या हजारों टांक्या बंद पडल्या त्या विटा ढासळल्यामुळें कमी, आणि रोज सकाळीं बादली ओतणारें माणूस ठरलेलें नव्हतें म्हणून अधिक. तें माणूस ठरविणें, त्याला मजुरी देणें आणि त्याच्या कामाला मान देणें, हा यंत्राचाच एक भाग समजावा.

शहरांतील घरांनीं ह्यांतून काय घ्यावें? टांकी घ्यावी कीं कंपोस्टचें मडकें ठेवावें हें गच्ची, ऊन आणि घरांतील माणसें ह्यांवर ठरेल. परंतु दोन गोष्टी कोणालाही करतां येतात. एक, मोरीपाशीं दोन डबे ठेवणें आणि ओल्यांत सुकें न मिसळणें. दुसरी, ताडोबाला गेलें असतां ताटांत लागेल तेवढेंच वाढून घेणें, उरलेला खाऊ जीपगाडींतून न भिरकावणें, आणि निवासाच्या व्यवस्थापकाला एकदां विचारणें कीं तुमचें खरकटें रात्रीं कोठें जातें. पाहुण्यांनीं हा प्रश्न वारंवार विचारला तर उत्तर तयार ठेवणें निवासांना भाग पडेल. वाघ दिसणें न दिसणें हें ज्याच्या त्याच्या नशिबावर आहे. पण आपल्या उष्ट्यामुळें तो कोणाच्या अंगणांत येऊं नये, एवढें तरी पाहुण्याच्या हातीं आहे.